थर्मोकोलची पेशी आणि अर्धा चमचा मीठ

यंदाच्या विज्ञान प्रदर्शनात पेशीच्या सात प्रतिकृती मांडलेल्या होत्या. पाच वनस्पतीपेशी आणि दोन प्राणीपेशी. त्यांतल्या चार एकाच दुकानातून आलेल्या असाव्यात, कारण चारही ठिकाणी केंद्रकाला तोच गुलाबी रंग होता आणि तंतुकणिकेवर तीच नागमोडी रेघ. आम्ही, म्हणजे शाळेतल्या विज्ञानाच्या दोघी शिक्षिका आणि पालक-शिक्षक समितीतले तिघे पालक, प्रत्येक टेबलापाशी थांबलो, मुलांनी पाठ केलेली माहिती ऐकली, शाबासकीही दिली. मुलांची मेहनत खरी होती, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. पण आमच्यातल्या एका पालकांनी एका मुलीला सहज विचारले, "बाळ, हा बाहेरून जो लाल पट्टा चिकटवला आहेस ना, त्याच्यातून साखर आत कशी जाते?" ती गोंधळली. मग हळूच म्हणाली, "काका, ते मॅडमनी लिहून नाही दिलं."

मॅडम शेजारीच उभ्या होत्या. हा लेख त्यांच्याच आग्रहावरून लिहिला जात आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे की, आपल्या शाळेत पेशी शिकवली जात नाही, काढून घेतली जाते. वहीत काढून घेतली जाते, थर्मोकोलवर कापून घेतली जाते, परीक्षेत नावे देऊन घेतली जाते. आणि पेशीचे जे खरे काम, आतले आत व बाहेरचे बाहेर ठेवून तरीही सतत देवाणघेवाण करत राहणे, ते मात्र धड्याच्या शेवटी दोन व्याख्यांत उरकले जाते. यात दोष मुलांचा नाही. आमचा आहे, काही अंशी पालकांचा आहे आणि थोडा विश्वस्त मंडळाचाही आहे. तेव्हा कुणी रागावू नये.

आधी शब्दांची गोष्ट सांगतो, कारण आपल्या इंदूरच्या मराठी घरांत ती जितकी जाणवते तितकी पुण्या-नाशकात जाणवत नसेल. आपली मुले विज्ञान शिकतात हिंदीत किंवा इंग्रजीत, आणि घरी बोलतात मराठी. आजीचा रक्ताचा रिपोर्ट येतो. आजी म्हणते, "माझ्या पांढऱ्या पेशी कमी झाल्यात." नातवाने हिंदी पुस्तकात वाचलेले असते की पेशी म्हणजे दंडात आणि पोटरीत असते ती मांसपेशी. शिवाय आपल्या गावात पेशी म्हणजे कोर्टाची तारीख, हेही त्याला माहीत असते! मराठीत जी पेशी ती हिंदीत कोशिका. हिंदीत जी पेशी तो मराठीत स्नायू. आणि हिंदी पुस्तकात जो स्नायु तो हाडाला हाड बांधणारा पट्टा, ज्याला मराठी पुस्तकात अस्थिबंध म्हणतात. म्हणजे तीन शब्दांची अशी फिरवाफिरवी झाली आहे की, चांगले शिकलेले मूलही घरच्या बोलण्यात चुकते आणि मग "मराठीत विज्ञान समजत नाही" असे म्हणून मोकळे होते. त्यातच हिंदीत कोशिका आणि केशिका यांत एका मात्रेचा फरक. एक म्हणजे पेशी, दुसरी म्हणजे केसासारखी बारीक रक्तवाहिनी. उत्तरपत्रिका तपासताना दरवर्षी दोन-चार तरी मुले रक्तवाहिनीत केंद्रक बसवतात.

बरे, सगळेच शब्द असे दगा देत नाहीत. केंद्रक दोन्हीकडे केंद्रकच आहे. विसरण आणि परासरण हेही दोन्हीकडे तेच. प्रयोगशाळेच्या भिंतीवर तीन रकान्यांचा एक तक्ता लावावा, हिंदी, मराठी, इंग्रजी, एवढीच मागणी आहे. त्याला खर्च एका कार्डशीटचा. मराठीच्या तासाला आठवड्यातून एकदा त्यातले पाच शब्द घेतले तर त्या विषयाचेही भले होईल. सध्या तो तास बराचसा पत्रलेखनात जातो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. पेशी हा शब्द इंग्रजीत रूढ झाला तो १६६५ साली, रॉबर्ट हूकने बुचाचा पातळ काप भिंगाखाली पाहून त्यातल्या कप्प्यांना ते नाव दिले तेव्हा. पण त्याला दिसल्या त्या मेलेल्या पेशींच्या रिकाम्या भिंती. आत काहीच नव्हते. आपल्या मुलांचे शिक्षण नेमके हूकपाशीच थांबले आहे असे आम्हाला वाटते. थर्मोकोलच्या पेशीतही सगळे दिसते आणि काहीच चालत नाही. पुढे १८३१ मध्ये रॉबर्ट ब्राऊनने केंद्रकाला नाव दिले, १८३८ आणि १८३९ मध्ये श्लायडेन आणि श्वान यांनी वनस्पती व प्राणी दोन्ही पेशींचेच बनले आहेत असे मांडले, हे सगळे पुस्तकात आहे आणि मुलांना सनावळीसकट पाठ आहे. नसते ते एवढेच की, या सगळ्याला ज्याने आकार आला ते बाहेरचे पटल म्हणजे नक्की काय.

ते पटल, पुस्तकात त्याला प्रद्रव्यपटल म्हणतात, सात-आठ नॅनोमीटर जाडीचे असते. ही जाडी मुलांना कशी कळावी? वहीचे एक पान घ्या. साधारण १०० पानांची जाडी एक सेंटीमीटर धरली तर एका पानाच्या जाडीत असली बारा हजारांहून जास्त पटले एकावर एक बसतील. हे पटल स्निग्ध रेणूंच्या दोन थरांचे. प्रत्येक रेणूचे डोके पाण्याकडे ओढ घेणारे आणि शेपट्या पाण्यापासून पळणाऱ्या. म्हणून डोकी बाहेर, शेपट्या आत, अशी दुहेरी रांग आपोआप जमते. भाजीच्या रश्शावर तवंग जमतो तो कुणी जमवत नाही, तसेच हे. प्राणवायू आणि कार्बन डायऑक्साइड यांचे रेणू या तेलकट थरातून सहज आरपार जातात. साखरेला जाता येत नाही. मिठाच्या विद्युतभारित कणांना तर मुळीच नाही. त्यांच्यासाठी पटलात प्रथिनांची दारे बसवलेली असतात, आणि प्रत्येक दाराचा माल ठरलेला असतो. पाणी थेट थरातून थोडेसे झिरपते, पण त्याचीही स्वतंत्र दारे आहेत. ही दारे पीटर ॲग्रे यांनी ओळखली आणि त्यासाठी त्यांना २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. असल्या एका दारातून सेकंदाला सुमारे ३०० कोटी पाण्याचे रेणू जातात, आणि तरी त्यातून मिठाचा एक कण जात नाही.

इथे आम्हाला एका लाडक्या उपमेबद्दल तक्रार करायची आहे. पेशीपटल म्हणजे चौकीदार, हवे ते आत घेतो, नको ते बाहेर ठेवतो, असे आम्हीच वर्षानुवर्षे शिकवत आलो. ऐकायला छान वाटते. पण चौकीदाराला डोळे असतात आणि तो ठरवतो. पटल काही ठरवत नाही. विसरणात तर कुणी कुणाला ढकलतही नाही. उदबत्ती लावली की वास सगळ्या खोलीत पसरतो, कारण रेणू इकडेतिकडे धडपडत असतात आणि जिथे गर्दी आहे तिथून बाहेर पडणारे जास्त, परत येणारे कमी. एवढाच हिशेब. परासरणही तसेच. पाणी पटलातून दोन्ही बाजूंना जात-येत असते. ज्या बाजूला साखर किंवा मीठ जास्त विरघळले आहे तिकडे जाणारे पाणी तिकडून येणाऱ्यापेक्षा जास्त भरते, इतकेच. "मीठ पाणी ओढून घेते" हे बोलायला ठीक आहे, आम्हीही स्वयंपाकघरात तसेच म्हणतो, पण वहीत तसे लिहून देऊ नये. आणि स्मार्टबोर्डवर जी चलत्‌चित्रे दाखवतात त्यांत बहुतेकदा निळे ठिपके एकाच दिशेने सुळकन जाताना दिसतात. ते पाहून मुलाच्या डोक्यात चौकीदार आणखी पक्का होतो.

अर्थात सगळी ये-जा अशी फुकटची नसते. प्रत्येक प्राणीपेशीच्या पटलात एक पंप असतो, तो सोडियमचे तीन कण बाहेर टाकतो आणि पोटॅशियमचे दोन आत घेतो, उताराच्या उलट, चढाकडे. त्यासाठी पेशीला ऊर्जा मोजावी लागते. आपण स्वस्थ झोपलेले असताना शरीर जी ऊर्जा खर्च करते तिचा बराच मोठा वाटा या पंपांवर जातो. येन्स स्को यांनी १९५७ मध्ये तो शोधला. नोबेल मिळायला १९९७ साल उजाडले. हा पंप लक्षात ठेवावा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

स्वयंपाकघर म्हटले की एक गोष्ट सांगायलाच हवी. परासरणाचे घरचे उदाहरण विचारले की आपल्या शाळेतली निम्मी मुले लिहितात, "पोहे भिजवल्यावर फुगतात." इंदूरची मुले दुसरे काय लिहिणार? पण ते उत्तर चूक आहे. पोहे उकडलेल्या भाताच्या दाण्याचे, चेपलेले, केव्हाच मेलेले. त्यांत धड पटलच उरलेले नसते. स्टार्च पाणी शोषून फुगतो, त्याला अंतःशोषण म्हणतात. दार फुगून पावसाळ्यात घट्ट बसते त्याच जातीचे. खरे उदाहरण पोह्यांच्या शेजारी काकडीच्या कोशिंबिरीत आहे. आई म्हणते, मीठ आयत्या वेळी घाल. का? आधी घातले तर काकडीच्या पेशींतले पाणी बाहेरच्या खाऱ्या पाण्याकडे येते, पेशी ढिल्या पडतात, वाडग्यात तळाशी पाणी साचते. कैरीच्या फोडींना मीठ-हळद लावून ठेवल्यावर खार सुटतो तोही असाच. आणि त्या खारात जिवाणू पडला तर त्याच्याही पेशीतले पाणी निघून जाते, म्हणून लोणचे टिकते. आमच्या आज्यांना परासरण हा शब्द माहीत नव्हता, पण बरणीच्या वरपर्यंत खार आला पाहिजे हे माहीत होते.

हे सगळे शाळेत दाखवायला काय लागते? बटाटा लागतो. कच्च्या बटाट्याची वाटी कोरावी, आत चमचाभर साखर टाकावी, ताटलीतल्या पाण्यात ठेवावी. तास-दोन तासांत वाटीत पाणी भरते. आता दुसरी वाटी उकडलेल्या बटाट्याची करावी. तशी भरत नाही. उकडल्याने पटले फाटली, मग परासरण कुठले? जिवंत आणि मेलेल्या पेशीतला फरक या दोन वाट्यांत जितका कळतो तितका कुठल्याही आकृतीत कळत नाही. गेल्या वर्षी आठवीच्या एका तुकडीत हे केले तेव्हा एक मुलगा मधल्या सुट्टीत डबा न खाता वाटीकडे बघत बसला होता. त्याची वही मात्र अजून अपुरीच आहे, हेही सांगितले पाहिजे.

अंड्याचा प्रयोगही चांगला आहे. व्हिनेगरमध्ये दोन दिवस ठेवले की कवच विरघळते, मग ते अंडे पाण्यात फुगते आणि मिठाच्या दाट पाण्यात चिंबते. पण अंड्यावरून एका बैठकीत पाऊण तास गेला आणि विषय पुढच्या बैठकीवर ढकलला गेला. आम्ही त्या वादात पडत नाही. बटाट्याने काम भागते. शिवाय अंड्याचे ते पांढरे आवरण म्हणजे खरे पेशीपटल नव्हेच, फक्त त्याच्यासारखे वागते. तेव्हा अंडे गेले तरी फारसे बिघडत नाही.

बिघडते ते सूक्ष्मदर्शकामुळे. प्रयोगशाळेत सहा सूक्ष्मदर्शक आहेत, त्यांतले चार चालू. बरीच वर्षे झाली, एक भिंग हरवले होते, तेव्हापासून कपाटाला कुलूप आहे आणि किल्ली कार्यालयात. परीक्षेच्या वेळी एक यंत्र निघते, बाई काप लावून ठेवतात, मुले रांगेने येऊन एक डोळा लावून जातात. काय दिसले असे विचारले तर निम्म्यांना स्वतःच्या पापण्या दिसलेल्या असतात. कांद्याची साल स्वतःच्या हाताने काढून, पाण्याच्या थेंबात पसरून, वरची काच तिरकी टेकवून हलकेच सोडायची, म्हणजे बुडबुडे राहत नाहीत. हे एकदा तरी प्रत्येक मुलाने करायला हवे. लाल कांदा घ्यावा, आणि जांभळट साल घ्यावी. पुस्तकात आयोडीन घालायला सांगितलेले असते, केंद्रक उठून दिसावे म्हणून. पण आयोडीन घातले की पेशी मरते, आणि मग काचेच्या कडेने मिठाचे पाणी सोडले तरी काही घडत नाही. जांभळ्या सालीला रंगच लागत नाही. एका कडेने मिठाचे पाणी, दुसऱ्या कडेला टिपकागदाचा तुकडा, आणि पाच मिनिटे धीर. जांभळा रस आक्रसत जातो, भित्तिकेपासून सुटून मध्ये गोळा होतो. परत साधे पाणी सोडले की पुन्हा पसरतो. रससंकोच ही व्याख्या नाही, डोळ्यांसमोर घडणारी गोष्ट आहे, हे त्या क्षणी कळते.

आता प्रयोगशाळेच्या खोलीत मोठा पडदा आणि बाके बसवून तिचा स्मार्ट वर्ग करावा, असा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे आहे. आमचा पडद्याला विरोध नाही. काही गोष्टी पडद्यावरच दिसतात. पण ओटा आणि नळ काढून बाके बसवली तर बटाटा कुठे ठेवायचा? आणि एकदा काढलेला नळ पुन्हा बसत नाही, हा आपल्या शाळेचा जुना अनुभव आहे.

कुणी म्हणेल, एवढा आटापिटा कशाला? परीक्षेत आकृतीला गुण आहेत, मुले ते मिळवतात, पुढे ज्याला डॉक्टर व्हायचे तो शिकेल. या प्रश्नाचे उत्तर म्हणून गेल्या पावसाळ्यातला एक प्रसंग, त्या घरच्यांच्या परवानगीने आणि नावे न घेता, सांगतो. नववीतला मुलगा, पेशीच्या चाचणीत वीसपैकी एकोणीस गुण. घरी धाकटी बहीण, वय चार. सकाळपासून जुलाब आणि उलट्या. आई-वडील दोघे कामावर, आजी घरात. आजी म्हणाली पोटाला विश्रांती दे, पाणी देऊ नको. मुलाला वाटले, साखरेने ताकद येते. त्याने कोपऱ्यावरून थंड पेयाची बाटली आणली आणि घोटघोट पाजली. जुलाब वाढले. संध्याकाळी आई आली तेव्हा पोरीचे डोळे खोल गेले होते आणि ती रडत होती तरी अश्रू येत नव्हते. दवाखान्यात सलाइन लावले, तिसऱ्या दिवशी घरी आली, आता छान आहे. मुलगा मात्र बरेच दिवस गप्प होता. आपल्यालाही गप्प बसण्यासारखेच आहे, कारण त्याच्या चुकीचे उत्तर त्याला मिळालेल्या एकोणीस गुणांच्याच धड्यात होते.

थंड पेयात लिटरमागे १०० ग्रॅमच्या आसपास साखर असते. इतके गोड पाणी आतड्यात गेले की परासरणाने शरीरातले पाणी उलट आतड्यात उतरते. कोशिंबिरीत तळाशी पाणी साचते ना, तसेच. नुसते पाणीही पुरत नाही, कारण गेलेले मीठ भरून निघत नाही. मग नुसते मीठ? तेही आतड्याच्या पेशीत एकटे नीट शिरत नाही. आतड्याच्या पेशींच्या पटलात एक दार आहे, त्यातून सोडियमचे दोन कण आणि ग्लुकोजचा एक रेणू जोडीनेच आत जातात. एकटा आला तर दार उघडत नाही. रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये प्रागच्या एका परिषदेत ही कल्पना मांडली. सोडियम आत ओढला जातो, कारण वर सांगितलेला पंप पेशीच्या दुसऱ्या बाजूने ते सतत उपसत असतो. आणि सोडियम-साखर आत गेली की मागोमाग पाणी जाते. पटकीच्या विषामुळे आतड्याच्या पेशी क्लोराइडचे कण बाहेर टाकत राहतात आणि त्यांच्या मागे पाणी वाहून जाते. ते विष असते हे कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखवले होते. पण त्या भयंकर आजारातही हे जोडीचे दार चालू राहते. साऱ्या उपचाराची किल्ली ती हीच.

१९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी लाखो निर्वासित सीमा ओलांडून पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत पटकी पसरली. रुग्णालयात खाटा नाहीत, माणसे जमिनीवर, आणि शिरेतून द्यायच्या सलाइनच्या बाटल्या संपत आलेल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मग लिटरभर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा या प्रमाणात पुड्या करवून घेतल्या, पिंपांत पाणी कालवले, आणि नातेवाईकांच्याच हाती पेले देऊन ते पाजायला सांगितले. तोवर हे पाणी दवाखान्यात, डॉक्टरांच्या नजरेखालीच द्यायचे अशी समजूत होती. मृत्यूचे प्रमाण तिथे शेकडा तीसच्या आसपास होते, ते चाराच्याही खाली आले. महालनबीस २०२२ मध्ये वारले, आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले तेव्हा आपल्यातल्या बहुतेकांनी त्यांचे नाव पहिल्यांदा ऐकले. आमच्यातल्या तिघांनी तरी पहिल्यांदाच ऐकले.

आज जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या सूत्राप्रमाणे जी पुडी मिळते तिच्यात एका लिटरसाठी साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सायट्रेट असते. सोडियम आणि ग्लुकोज यांची संख्या त्यात अगदी समसमान ठेवलेली आहे, आणि एकूण पाणी मुद्दाम आधीच्या सूत्रापेक्षा पातळ केले आहे. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. मोजूनच. अंदाजाने नाही. मीठ जास्त पडले तर लहान मुलाला धोका असतो. आणि मूल सुस्त पडले, पिऊ शकत नसले किंवा शौचात रक्त दिसले तर पाणी पाजत पाजत थेट डॉक्टरकडे.

आणखी एक. शाळेच्या क्रीडा दिनाला आपण खोक्यांतली जी फळांच्या चवीची पेये वाटत आलो, त्यांतल्या काहींवर ठळक अक्षरांत ओआरएस असे छापलेले असे, आणि साखर मात्र सरबताइतकी. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध अनेक वर्षे लढा दिला, आणि २०२५ च्या ऑक्टोबरात अन्न सुरक्षा प्राधिकरणाने सूत्राबाहेरच्या पेयांच्या नावात तो शब्द वापरायला मनाई केली. आम्ही वर्षानुवर्षे ती खोकी वाटली. मागचे कोष्टक वाचायचे आम्हा विज्ञानवाल्यांनाही सुचले नाही.

त्याच वर्षी डिसेंबरात आपल्याच गावात भागीरथपुऱ्यात पिण्याच्या पाण्यात घाण पाणी मिसळले. कित्येक घरांत माणसे जुलाब-उलट्यांनी आडवी झाली, काही दगावली. नळाचा दोष शाळा दुरुस्त करू शकत नाही, त्याची जबाबदारी ज्यांची त्यांनी ती घ्यावी. पण ज्या घरात मूल शाळेत जाते त्या घरात पहिल्या तासाला काय पाजायचे हे माहीत असणे, एवढे तरी शाळेच्या हातात आहे.

म्हणून विश्वस्त मंडळाला विनंती अशी. प्रयोगशाळेचा ओटा आणि नळ काढू नये, पडदा वरच्या मजल्यावरच्या रिकाम्या खोलीत लावावा. कपाटाची किल्ली विज्ञान शिक्षिकांकडे द्यावी. भिंग हरवले तर ते आम्ही भरून देऊ, तसे लिहून देतो. पुढच्या प्रदर्शनात विकत आणलेली प्रतिकृती स्वीकारू नये. पालकांनी रागावू नये, त्या दुकानात जे पैसे जातात तेवढ्यात काचपट्ट्यांची अख्खी डबी येते. आणि सातवीपासून वरच्या प्रत्येक मुलाने वर्षातून एकदा शाळेत स्वतःच्या हाताने एक लिटर मीठ-साखरेचे पाणी मोजून करावे, चाखावे, आणि घरी जाऊन आजीला करून दाखवावे. त्याची चव अश्रूंपेक्षा जास्त खारट लागली तर ते चुकले, फेकून पुन्हा करायचे.

वार्षिक परीक्षेत याला गुण नाहीत, हे आम्हाला ठाऊक आहे. एका विश्वस्तांनी तसे बोलूनही दाखवले, आणि त्यांचे म्हणणे खोटे नाही. अंतर्गत मूल्यमापनाचे जे थोडे गुण आमच्या हातात आहेत, त्यांतले दोन आम्ही यंदापासून या लिटरभर पाण्याला देणार आहोत. ज्यांची हरकत असेल त्यांनी समितीकडे लेखी कळवावे.

तूर्तास येत्या शनिवारी अर्ध्या दिवसाच्या शाळेनंतर आठवी आणि नववीच्या मुलांनी प्रयोगशाळेत यावे. प्रत्येकाने एक लाल कांदा आणि एक कच्चा बटाटा आणावा. साखर, मीठ आणि मोजायचे चमचे आम्ही आणतो. आज्यांनाही यायला हरकत नाही, खुर्च्या मांडून ठेवू.